आटे जुळतात, दाब जुळत नाही

अमेरिकेत सुट्टीसाठी रस्त्यावर उतरणारी आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर, आणि या घराची चूल प्रोपेनवर पेटते. चूलच काय, पाणी तापवण्याची टाकी, रात्रीच्या थंडीत ऊब देणारा हीटर, बऱ्याच गाड्यांतला फ्रिज, सगळे त्याच गॅसवर. गॅस गाडीत आहेच, तर बाहेर मोकळ्यावर मांडलेल्या लहानशा ग्रिललाही तोच का देऊ नये, हा प्रश्न कोणालाही पडेल. अनेक गाड्यांच्या बाहेरच्या अंगाला त्यासाठी एक तोंडही दिलेले असते: कडी मागे सरकवायची, नळी खोचायची, खटका वळवायचा. तरीही हे काम करताना माणसे हमखास गोंधळतात. ग्रिल तापत नाही, किंवा नको इतकी भडकते, आणि मग दोष वापरणाऱ्याच्या अडाणीपणाला दिला जातो. मला हा निवाडा मान्य नाही. घोळ गाडी बनवणाऱ्याने आणि ग्रिल बनवणाऱ्याने मिळून ठेवला आहे. दोघांचाही माल आपापल्या नियमात चोख बसतो; फक्त मधल्या सहा फूट नळीची जबाबदारी कोणीच घेत नाही.

हे समजण्यासाठी दाबाचे गणित पाहावे लागते, आणि ते अवघड नाही. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो. म्हणून साध्या हवामानात तो टाकीत द्रवरूपात राहतो तो केवळ स्वतःच्याच दाबाखाली. २० अंश तापमानाला टाकीतला दाब दर चौरस इंचाला सुमारे १२० पौंड असतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३०-३५ पौंड हवा भरतो, त्याच्या तिप्पट-चौपट. ऊन वाढून तापमान ३८ अंशांवर गेले की हाच आकडा १७० च्या पुढे जातो. शेगडीला मात्र एवढा दाब पेलत नाही. गाडीतला रेग्युलेटर तो दोन टप्प्यांत उतरवतो, आधी दहा पौंडांच्या आसपास आणि मग ११ इंच उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे अर्ध्या पौंडाहूनही कमी. टाकीतला दाब आणि बर्नरपाशी येणारा दाब यांत सुमारे तीनशे पटींचा फरक आहे. गाडीच्या बाहेरच्या तोंडातून येतो तो हाच उतरवलेला, मवाळ गॅस.

आता ग्रिलकडे वळू. बाजारात मिळणारी बहुतेक लहान ग्रिल एक पौंडाच्या नळकांड्यासाठी घडवलेली असते. हे नळकांडे थेट ग्रिलला पिळून बसवायचे, म्हणून दाब उतरवण्याचे काम ग्रिलला स्वतःच करावे लागते, आणि तिच्या तोंडाशीच एक छोटा रेग्युलेटर बसवलेला असतो. अशी ग्रिल गाडीच्या बाहेरच्या तोंडाला जोडली की आधीच उतरवलेला गॅस पुन्हा एकदा रेग्युलेटरमधून जातो. ग्रिलच्या रेग्युलेटरला काम करण्यासाठी मागून जोर हवा असतो. तो नसल्याने बर्नरला उपाशी ज्योत मिळते. झाकणावरचा काटा वर चढत नाही, कणीस नुसते वाळते, आणि वारा सुटला तर ती अशक्त ज्योत विझते. खटका उघडाच राहिला तर गॅस न जळता झिरपत राहतो. यावर दोन उपाय सांगितले जातात. पहिला असा की गाडीच्या रेग्युलेटरच्या अलीकडे, टाकीजवळ, पितळी टी-जोड बसवून पूर्ण दाबाचा गॅस घ्यावा आणि ग्रिलचा रेग्युलेटर तसाच ठेवावा. दुसरा असा की ग्रिलचा रेग्युलेटर काढून टाकावा आणि ती गाडीच्या मवाळ तोंडाला जोडावी. भौतिकशास्त्राच्या हिशेबाने दोन्ही बरोबर आहेत. एका वेळी एकच रेग्युलेटर, एवढेच तर सूत्र.

घात पुढे आहे. टी-जोडातून निघणाऱ्या पूर्ण दाबाच्या नळीच्या टोकाला एक पौंडी नळकांड्यासारखे आटे असतात, कारण ग्रिलला तेच बसतात. गाडीच्या मवाळ तोंडासाठी विकल्या जाणाऱ्या काही नळ्यांच्या टोकालाही अगदी तेच आटे असतात. म्हणजे एकाच मापाच्या पितळी टोकातून एकदा अर्ध्या पौंडाचा गॅस येतो आणि एकदा १२० पौंडांचा, आणि हाताला किंवा डोळ्याला दोन्हींत काही फरक जाणवत नाही. ज्याने ग्रिलचा रेग्युलेटर काढला, त्याला तो काढल्याचे ठाऊक असते. पण ग्रिल टिकाऊ वस्तू आहे. ती पुढच्या उन्हाळ्यात मेहुण्याकडे जाते, गराज सेलमध्ये विकली जाते, घरामागच्या अंगणात वीस पौंडी टाकीपाशी येऊन बसते. नळी बसते, आटे जुळतात, आणि मवाळ गॅससाठी पाडलेल्या बारीक छिद्रातून टाकीचा सगळा जोर बाहेर येतो. हा बदल करणारा कितीही जाणता असला तरी त्याचे ज्ञान वस्तूबरोबर पुढे जात नाही. म्हणूनच बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका अशा फेरफाराला सक्त मनाई करतात. मनाई लिहून कंपनी मोकळी झाली, आणि जोड-नळ्या विकणाराही आपली नळी योग्य ठिकाणी वापरा असे छापून मोकळा झाला.

मराठी वाचकाला यात आणखी एक मेख आहे. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारी मराठी कुटुंबे यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन पाहायला भाड्याची आरव्ही घेऊन निघतात, तेव्हा गॅसविषयीची त्यांची समज भारतातल्या स्वयंपाकघरात घडलेली असते. आपल्याकडे घरगुती रेग्युलेटर सिलिंडरच्या डोक्यावरच खट्‌कन बसतो. तो गॅस कंपनीकडून अनामत भरून मिळतो आणि सिलिंडरच्या तोंडाचे माप देशभर एकच आहे. तिथून शेगडीपर्यंत जाणारी भगवी नळी नेहमी मवाळ दाबाचाच गॅस वाहते. हा दाब पाण्याच्या स्तंभात मोजला तर सुमारे ३० सेंटीमीटर, म्हणजे अमेरिकेतल्या ११ इंचांच्या अगदी शेजारचा. घरातल्या माणसाला दाबाविषयी एकही निर्णय घ्यावा लागत नाही. तिकडे लहान ग्रिलला मोठ्या टाकीवरून गॅस देण्यासाठी जी लांब नळी मिळते, तिच्यात टाकीचा पूर्ण दाब असतो, कारण रेग्युलेटर पलीकडे, ग्रिलच्या टोकाला आहे. गळकी नळी दोन्हीकडे वाईटच. पण मवाळ दाबाची नळी उंदराने कुरतडली तर होणारी गळती आणि पूर्ण दाबाच्या नळीवर ट्रेलरचे चाक गेले तर होणारी गळती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नळी दिसायला नळीच असल्यामुळे इथली सवय तिथे फसवते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पुस्तिका वाचा, साबणाच्या पाण्याने जोड तपासा, नीट माहिती घ्या, प्रौढ माणसाला एवढे जमायला हवे. जमायला हवे हे खरे, आणि साबणाच्या पाण्याचे बुडबुडे पाहण्याला पर्यायही नाही. पण सुरक्षेचा भार वापरणाऱ्याच्या सावधपणावर टाकून भागत नाही, हे खुद्द अमेरिकेनेच याच गॅसच्या बाबतीत दोनदा कबूल केले आहे. ऑक्टोबर १९९५ पासून बनलेल्या गॅस ग्रिलला नव्या अटी लागू झाल्या: टाकीचा जोड घट्ट बसल्याशिवाय गॅस सुटू नये, आणि नळी फाटली तर प्रवाह आपोआप आवळला जावा. त्याआधीच्या जोडाला उलटे आटे असत, तो पान्याने आवळावा लागे, आणि सैल राहिला तरी खटका उघडताच गॅस सुटे. नवा काळ्या चाकाचा जोड हाताने बसतो आणि आगीने तापला तर स्वतःच गॅस बंद करतो. दुसरी कबुली टाकी भरण्याची. प्रोपेन तापला की फुगतो, म्हणून टाकी ऐंशी टक्केच भरायची असते. हे गॅस भरणाऱ्या प्रत्येक पोराला शिकवलेले असे, तरी टाक्या काठोकाठ भरल्या जातच होत्या. अखेर टाकीच्या आत तरंगता खटका बसवणे सक्तीचे झाले आणि एप्रिल २००२ पासून तो नसलेल्या लहान टाक्या भरून देणे बंद झाले. टाकीच्या डोक्यावरची त्रिकोणी मूठ ही त्याच बदलाची खूण. दोन्ही वेळा आणखी एक सूचना छापून प्रश्न सुटला नसता. म्हणून धातूचा आकार बदलला गेला. तीच गोष्ट नळीच्या टोकाला करायला कोणाची हरकत असावी?

दुसरा आक्षेप अनुभवाच्या जोरावर येतो. हजारो लोक वर्षानुवर्षे टी-जोड लावून बिनघोर मांस भाजत आहेत, मग एवढा बाऊ कशाला? यात तथ्य आहे. जाणत्या हातांनी केलेली जोडणी टिकते आणि चालते. पण हा युक्तिवाद नेमक्या त्याच माणसांचा दाखला देतो ज्यांना मदतीची गरज नव्हती. नियम करायचा तो आठवड्यासाठी गाडी भाड्याने घेणाऱ्याचा विचार करून, कारण त्याला त्या गाडीची टाकी कुठे आणि रेग्युलेटर कुठे हेही दाखवलेले नसते. शिवाय प्रोपेनचा स्वभाव चूक माफ करणारा नाही. हवेपेक्षा तो दीडपट जड आहे, त्यामुळे गळालेला गॅस वर उडून जात नाही. गाडीखाली, खळग्यात, पायऱ्यांपाशी साचतो. हवेत दोन टक्क्यांहून थोडा जास्त झाला की पेट घेण्याजोगा होतो. आपल्याला त्याचा वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. गॅसमध्ये असा वास मिसळण्याची सक्ती आली ती १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत साचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक गेल्यावर. त्या शाळेतही कोणाला गॅस दिसला नव्हता आणि वासही आला नव्हता. वासाने निदान गळती कळते, दाब मात्र वासानेही कळत नाही.

गाडीच्या बाजूने बोलणारे म्हणतील की आम्ही आमचे काम केले आहे. ते खरेही आहे. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात अमेरिकेतल्या बहुतांश आरव्ही तयार होतात, आणि त्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेच्या ११९२ क्रमांकाच्या मानकानुसार बांधल्या जातात. आत गळती ओळखणारे यंत्र असते, बाहेरच्या तोंडाला स्वतंत्र खटका असतो. ग्रिलचे मानक वेगळे, त्याची तपासणी वेगळी, आणि तीही पार पडलेली असते. पण गाडीचे मानक गाडीच्या तोंडाशी संपते आणि ग्रिलचे ग्रिलच्या तोंडाशी सुरू होते. मधल्या भागात सुटे जोड विकणारा बाजार आहे, आणि तो बाजार गिऱ्हाइकालाच गॅस फिटर समजतो. काही कंपन्या खास आरव्हीसाठी रेग्युलेटर नसलेली ग्रिल बनवतात आणि सोबत टाकीसाठी निराळा रेग्युलेटर नळीवर बसवून देतात. माझ्या मते हाच योग्य मार्ग आहे: ग्रिलच्या अंगावर रेग्युलेटर असूच नये, तो नेहमी टाकीच्या बाजूला असावा, आणि ग्रिलच्या तोंडाचे आटे असे असावेत की पूर्ण दाबाची कोणतीही नळी त्यात शिरणारच नाही. एक पौंडी नळकांड्यावर बसणारा छोटा रेग्युलेटर ग्रिलसोबत द्यावा. धातूचा तोच तुकडा ग्रिलच्या ऐवजी नळकांड्याशी राहील, खर्चात काय तो फरक पडेल?

असे एकीकरण कागदावरच शोभते, हा तिसरा आक्षेप. त्याचे उत्तर युरोपात आहे. ब्रिटनमधल्या कॅरॅव्हॅनमध्ये पूर्वी ब्युटेनला २८ मिलिबार आणि प्रोपेनला ३७ मिलिबार असे दोन वेगळे रेग्युलेटर लागत, आणि ते सिलिंडरवर बसत. सप्टेंबर २००३ पासून नव्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन्ही गॅससाठी ३० मिलिबारचा एकच रेग्युलेटर गाडीच्याच भिंतीला पक्का बसवला जाऊ लागला. गाडीच्या आतली सगळी उपकरणे त्या एका दाबावर आली. जर्मनीत घरच्या अंगणातली ग्रिल अजूनही बरेचदा ५० मिलिबारची असते, त्यामुळे ती कॅरॅव्हॅनच्या ३० मिलिबारच्या तोंडाला लावली की मंद जळते. म्हणजे तिथेही सगळे सरळ झालेले नाही. पण ३० आणि ५० मधली तफावत दुपटीच्या आतली आहे. चुकले तर जेवायला उशीर होईल. तीनशे पटींच्या तफावतीत चुकले तर भुवया जळण्यावर निभावले म्हणायचे.

एवढी कटकट कशाला, एक पौंडाचे नळकांडे घ्या आणि मोकळे व्हा, असेही कोणी सुचवेल. एखाद्या संध्याकाळपुरता हा सल्ला खरोखरच उत्तम आहे. गाडी भाड्याची असेल तर मीही तोच देईन. मात्र हे नळकांडे मध्यम ग्रिलला पूर्ण आचेवर दोन तासही पुरत नाही, आणि रिकामे झाल्यावर ते पत्र्याचे भांडे उरते, ज्यात थोडा गॅस शिल्लक असल्यामुळे ते साध्या कचऱ्यात टाकता येत नाही. लोक मग मोठ्या टाकीतून ते पुन्हा भरायला बघतात. ज्याला एकदाच वापरण्याची परवानगी आहे, ते भरून गाडीतून नेणे अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे, तरी भरण्याचे पितळी जोड सर्रास मिळतात. आपल्याकडे घरगुती सिलिंडरमधून लहान शेगडीच्या टाकीत चोरून गॅस उतरवण्याचा जो धंदा चालतो, त्याचेच हे परदेशी भावंड. कॅलिफोर्नियाने तर २०२२ साली कायदा करून १ जानेवारी २०२८ पासून एकदाच वापरण्याच्या या नळकांड्यांची विक्री बंद करायचे ठरवले आहे. जे नळकांडे गृहीत धरून ग्रिलचे तोंड घडवले गेले, तेच एका मोठ्या राज्याच्या बाजारातून जाणार असेल तर ग्रिलचे तोंड नव्याने आखायला याहून चांगली वेळ येणार नाही. पुन्हा भरता येणाऱ्या नळकांड्यांनाही जुनेच आटे ठेवून उत्पादक स्वस्थ बसतील, अशी मला धास्ती आहे.

सरसकट बंदीचा आग्रह धरणारेही असतात: प्रवासी वाहनाच्या आसपास गॅस नकोच. त्यांनी मदुराईची आठवण ठेवावी. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्थानकाच्या यार्डात लखनौहून आलेल्या यात्रेकरूंच्या खासगी डब्याला आग लागून नऊ जण मृत्युमुखी पडले. डब्यात चोरून आणलेला गॅस सिलिंडर होता. रेल्वेत सिलिंडर नेण्यावर बंदी पूर्वीपासून आहे आणि ती योग्यच आहे. बंद डब्यात गॅस पेटवण्याचे समर्थन कोणी करू नये. पण लांबच्या यात्रेला निघालेल्या माणसांना गरम चहा आणि घरचे अन्न हवे असते, आणि त्याची रीतसर सोय नसली की ती सोय गाठोड्यात दडून येते. रस्त्यावरच्या गाडीत, उघड्यावर, पक्क्या बसवलेल्या टाकीवरून मवाळ दाबाचा गॅस मिळत असेल तर सीटखाली सिलिंडर लपवण्याचे कारणच उरत नाही.

महाराष्ट्राचा संबंध येतो तो इथे. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळनेही त्याच वर्षी आणले. कोकणच्या किनाऱ्यावर, भंडारदऱ्याला, ताडोब्याच्या वेशीवर अशा गाड्या उभ्या राहाव्यात ही कल्पना चांगली आहे. गाडीत स्वयंपाकघर असणार, आणि बाहेर कोळंबी किंवा पनीर भाजण्याची हौसही असणार. आज या गाड्या थोड्या आहेत, म्हणूनच नियम करणे सोपे आहे. भारतात एकाच मापाचे सिलिंडरचे तोंड आणि सिलिंडरवर बसणारा रेग्युलेटर ही शिस्त आधीच अंगवळणी पडलेली आहे, आणि पेट्रोल पंपावर मिळणारा पाच किलोचा सिलिंडरही त्या शिस्तीतला आहे. कॅरॅव्हॅनला परवानगी देताना तीच शिस्त चाकांवर न्यावी: सिलिंडरचा कप्पा आतल्या खोलीपासून हवाबंद, पण तळाशी बाहेर उघडणारी जाळी असलेला, रेग्युलेटर त्याच कप्प्यात, बाहेरच्या तोंडातून मवाळ दाबाशिवाय काहीही येऊ नये, आणि त्या तोंडाचा आकार इतर कोणत्याही गॅस जोडाशी जुळू नये. गाडी भाड्याने देणाऱ्याने त्या तोंडाला बसणारी ग्रिल सोबत द्यावी, म्हणजे पाहुण्याला बाजारातून जोड शोधत हिंडावे लागणार नाही. हे नियम वाहनाच्या योग्यता तपासणीत घालता येतील. नाहीतर परदेशी ग्रिल ऑनलाइन मागवणारा पर्यटक, तिला कुठून तरी जोड बसवून देणारा फिटर आणि घरून आणलेला घरगुती सिलिंडर हे तिघे एखाद्या कॅम्पमध्ये एकत्र येतीलच, आणि त्या वेळी दोष कोणाचा हे ठरवायला आपल्याकडे साधे मानकही नसेल.